साडेपंचेचाळीस मिलिमीटरांचा हिशेब

नागपुरात महाल, सीताबर्डी किंवा धरमपेठेतल्या जुन्या घरांची कपाटे आवरायला काढली, की चामडी पेटीतला एखादा फिल्म कॅमेरा अजूनही हाती लागतो. कधी तो रशियन झेनिट असतो, कधी पूर्व जर्मनीचा प्राक्टिका, तर कधी जपानी पेंटॅक्स किंवा याशिका. त्यात घालायचा रोल आता सहज मिळत नाही, मिळाला तर तो धुऊन देणारा शोधावा लागतो, आणि शटर तर बहुधा अडकलेलेच असते. कॅमेरा असा निकामी झाला, तरी त्याच्या तोंडावरची लेन्स मात्र बऱ्याचदा शाबूत असते. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची तिची क्षमता, पन्नास वर्षांत बदलत नाही, आणि भिंगांच्या वक्रतेला गंज चढत नाही. अशी लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवता येते का, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर लेन्सच्या वयावर किंवा तिच्या किमतीवर अवलंबून नसून एका अंतरावर अवलंबून आहे, आणि ते अंतर मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजावे लागते.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या तोंडाशी धातूचे एक सपाट कडे असते आणि लेन्स त्यावर टेकते. या कड्यापासून आतल्या फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर त्या त्या माउंटसाठी, म्हणजे लेन्स बसवण्याच्या त्या त्या जोडणीसाठी, कायमचे ठरलेले असते. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्सची रचना करताना तिच्यातली भिंगे अशा बेताने बसवलेली असतात की, फोकस रिंग अनंत अंतराच्या खुणेवर असताना दूरच्या वस्तूची प्रतिमा कड्यामागे बरोबर तेवढ्याच अंतरावर उमटावी. जवळच्या वस्तूवर फोकस करायचे झाले की लेन्सला पुढे सरकावे लागते. रिंग फिरवताना आतले आटे हेच काम करतात, आणि जुन्या लेन्स फिरवताना लांब होत जातात त्याचे कारणही हेच आहे.

या जुन्या लेन्सपैकी सर्वांत मोठे कुटुंब एम४२ या नावाने ओळखले जाते. ४२ मिलिमीटर व्यासाचा आणि दर फेऱ्याला १ मिलिमीटर पुढे जाणारा साधा आटा, एवढीच त्याची रचना आहे. १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यातून तो बाजारात आला, आणि पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स व झेनिट यांनी तो वापरल्यामुळे जगभर लक्षावधी लेन्स याच आट्यावर बसणाऱ्या निघाल्या. त्याचे फ्लँज अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे. निकॉनच्या एफ माउंटचे ते ४६.५ मिलिमीटर, ऑलिंपस ओएमचे ४६, मिनोल्टाचे ४३.५ आणि कॅननच्या जुन्या एफडीचे ४२ मिलिमीटर आहे. हे सर्व आकडे चाळीस ते सत्तेचाळीसच्या दरम्यान आहेत, आणि त्यामागे एकच कारण आहे. या कॅमेऱ्यांमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक तिरका आरसा असे. तो प्रकाश वरच्या फोकसिंगच्या काचेकडे वळवी आणि फोटो काढण्याच्या क्षणी वर उचलला जाई. आरशाला उचलले जाण्यासाठी जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून इतकी लांब ठेवावी लागे.

डिजिटल कॅमेरे आले तरी सुरुवातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हा आरसा कायम राहिला, आणि त्यामुळे जुन्या लेन्सचे काम अर्धवटच होऊ शकले. कॅननच्या ईएफ माउंटचे अंतर ४४ मिलिमीटर असल्यामुळे एम४२ साठी १.४६ मिलिमीटर जाडीची एक चकती पुरत असे, आणि जमून जात असे. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर मात्र हिशेब उलटा पडतो. तिथे लेन्स ४५.४६ वर असायला हवी, पण कडेच ४६.५ वर आहे. चकतीची जाडी शून्य मानली तरी लेन्स १.०४ मिलिमीटर पुढेच राहते. ही तूट किती महाग पडते ते शालेय सूत्रावरूनही काढता येते. लेन्स अनंताच्या जागेपासून काही अंतर पुढे सरकली, तर ती ज्या वस्तूवर फोकस करते तिचे अंतर साधारणपणे नाभीय अंतराच्या (लेन्सवर लिहिलेल्या ५० किंवा १३५ मिलिमीटर अशा आकड्याच्या) वर्गाला त्या सरकण्याने भागून मिळते. ५० मिलिमीटर लेन्ससाठी २५०० भागिले १.०४, म्हणजे जवळपास २४०० मिलिमीटर. अडीच मीटरच्या पलीकडचे काहीही स्पष्ट दिसणार नाही. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा चेहरा टिपता येईल, पण अंबाझरीच्या बंधाऱ्यावर उभे राहून पलीकडचा काठ टिपता येणार नाही. यावर उपाय म्हणून ॲडॅप्टरमध्ये, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधल्या जोडकड्यात, एक पातळ अंतर्गोल भिंग घालून विकतात. ते अनंतापर्यंत फोकस मिळवून देते खरे, पण नाभीय अंतर वाढवते आणि प्रतिमेची धार बोथट करते. चांगल्या लेन्सच्या मागे हलक्या प्रतीचे भिंग लावण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आरसा गेला तेव्हा चित्र बदलले. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ हा लेन्स बदलता येणारा पहिला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा मायक्रो फोर थर्ड्स माउंटसह आला. २०१० मध्ये सोनीने ई माउंट काढले. २०१३ मध्ये त्याच माउंटवर पूर्ण आकाराच्या सेन्सरचा अल्फा ७ आला, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनीही आपापले झेड आणि आरएफ माउंट आणले. आरशाची जागा लागत नसल्यामुळे फ्लँज अंतर एकदम निम्म्याखाली आले. सोनी ई चे ते १८ मिलिमीटर, निकॉन झेडचे १६, कॅनन आरएफचे २० आणि मायक्रो फोर थर्ड्सचे १९.२५ मिलिमीटर आहे. जुन्या लेन्सचे अंतर आणि नव्या कॅमेऱ्याचे अंतर यांतला फरक आता साधारण बावीस ते तीस मिलिमीटरांचा झाला, आणि तेवढ्या लांबीची पोकळ नळी मध्ये बसवली की लेन्सला ती जुन्याच कॅमेऱ्यावर असल्यासारखे वागता येते. सोनीवर एम४२ बसवायची असेल तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिलिमीटरची नळी लागते. ॲडॅप्टर म्हणून जे विकले जाते ते एवढेच असते. त्यात भिंग नसते, तारा नसतात, आणि किंमत काही शे रुपयांपासून सुरू होते.

नळी साधी असली तरी तिची लांबी अचूक हवी. समजा, कारागिरीत एक दशांश मिलिमीटर जास्त धातू राहून गेला. तर ५० मिलिमीटर लेन्सला २५०० भागिले ०.१, म्हणजे पंचवीस मीटरच्या पुढे नेमका फोकस जाणार नाही. २८ मिलिमीटरच्या वाइड लेन्सला हीच चूक आठ मीटरांवर अडवते, तर १३५ मिलिमीटरच्या लेन्सला ती १८० मीटरांच्या आसपास अडवते. वाइड लेन्स ॲडॅप्टरच्या बाबतीत जास्त हळव्या का असतात, हे या तीन आकड्यांवरून कळते. याउलट नळी एक दशांश आखूड असेल तर काही बिघडत नाही. अनंतावरचा फोकस रिंगच्या शेवटच्या खुणेच्या थोडा आधी मिळतो, आणि लेन्स अनंताच्या पलीकडे जाते असे म्हटले जाते. स्वस्त ॲडॅप्टर बनवणारे बहुतेकजण म्हणूनच नळी मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. अशा नळीवर लेन्सच्या अंगावर कोरलेले मीटरचे आकडे खरे राहत नाहीत, एवढी गोष्ट लक्षात ठेवली की पुरे.

ॲडॅप्टर घेतल्यावर अनंताची परीक्षा पहिल्यांदा घ्यावी. नागपुरात त्यासाठी सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर सोयीचा आहे, कारण त्याची लोखंडी जाळी बारीक आणि उठावदार दिसते. परीक्षा मात्र सकाळी घ्यावी. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या डांबरावरची आणि छपरांवरची हवा इतकी लहरत असते की उत्तम लेन्सचीही दूरची प्रतिमा विरघळल्यासारखी दिसते, आणि दोष हवेचा असताना नळीवर खापर फुटते. रात्री चंद्र असेल तर त्याहून चांगले. उष्णतेने नळीच प्रसरण पावत असेल अशी शंका नागपूरकराला येणे स्वाभाविक आहे, म्हणून तोही हिशेब करून पाहिला. ॲल्युमिनियमची २७.४६ मिलिमीटर लांबीची नळी डिसेंबरच्या दहा अंशांवरून मेच्या पंचेचाळीस अंशांवर गेली तर सुमारे दोन शतांश मिलिमीटरने वाढते. एका दशांशाच्या चुकीपुढे हे किरकोळ आहे.

नळी जशी लांबीला बरोबर हवी तशी आतून काळी कुळकुळीत हवी. आतली भिंत चकाकत असेल तर लेन्समधून आलेला कडेचा प्रकाश तिच्यावरून उसळून सेन्सरवर पडतो आणि सगळा फोटो धुक्यातून पाहिल्यासारखा फिका होतो. काळा मखमली कागद आतून चिकटवला की हा दोष पुष्कळसा जातो. अशा फिकेपणाचा ठपका अनेकदा जुन्या लेन्सवर येतो, ते अन्यायाचे आहे.

आता लेन्स बसली. पुढचा अडथळा असा की कॅमेऱ्याला ती दिसत नाही. नव्या लेन्स सोनेरी स्पर्शबिंदूंतून कॅमेऱ्याशी बोलतात, पण जुन्या लेन्सला ते बिंदूच नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मेन्यूमध्ये जाऊन लेन्स नसतानाही शटर उघडू देण्याची परवानगी आधी द्यावी लागते. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले पात्यांनी लहानमोठे होणारे छिद्र, हाताने फिरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याला ठरवू द्यायचा, ही पद्धत सर्वांत सोपी पडते. कॅमेऱ्यात सेन्सर हलवून थरथर घालवण्याची सोय असेल, तर तिलाही नाभीय अंतर स्वतः सांगावे लागते, कारण हात एका ठरावीक कोनात हलला तर प्रतिमा किती सरकेल हे नाभीय अंतरावर ठरते. ५० मिलिमीटरचा आकडा भरून ठेवून नंतर १३५ ची लेन्स लावली, तर सेन्सर लागेल त्याच्या निम्म्याहूनही कमी सरकतो आणि फोटो हललेलाच येतो.

जुन्या कॅमेऱ्यावर ॲपर्चरची पाती फोटोच्या क्षणीच मिटत. एम४२ लेन्सच्या पाठीमागे त्यासाठी एक छोटी खिळी असते, आणि शटर दाबताना कॅमेरा ती आत ढकली. मिररलेस कॅमेऱ्यात ही खिळी ढकलणारे कोणी नाही. ज्या लेन्सवर स्वयंचलित आणि हस्तचलित असा खटका आहे तिथे तो हस्तचलितवर ठेवावा. ज्यावर नाही तिच्यासाठी खिळीला कायम दाबून धरणारी कडा असलेला ॲडॅप्टर घ्यावा, नाहीतर रिंग कितीही फिरवली तरी पाती उघडीच राहतात. गंमत अशी की १९६० च्या दशकातली ही साधी खिळीवाली लेन्स १९९० च्या दशकातल्या कित्येक लेन्सपेक्षा नव्या कॅमेऱ्यावर सुखाने नांदते. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सवर ॲपर्चरची रिंगच नाही. तिची पाती विजेवर चालतात, त्यामुळे पोकळ नळीवर ती कायम पूर्ण उघडी राहते आणि तिला इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलाच महागडा ॲडॅप्टर लागतो.

हाताने फोकस करणे हे काम आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत फार कठीण झाले होते. त्यांतली फोकसिंगची काच जास्तीत जास्त उजेड देण्यासाठी अशी घडवलेली असे की एफ/१.४ वर (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) लेन्स उघडी असली तरी डोळ्याला फोकसची खोली एफ/२.८ च्या आसपासची दिसे. डोळ्याला स्पष्ट वाटलेला फोटो संगणकावर धूसर निघे. मिररलेस कॅमेऱ्यात डोळ्यासमोर येते ती सेन्सरनेच टिपलेली प्रतिमा असते, म्हणून जे दिसते तेच मिळते, आणि हवा तो भाग दहा पट मोठा करून पाहता येतो. फोकस पीकिंग नावाची दुसरी सोय आहे. तीत कॅमेरा शेजारशेजारच्या बिंदूंमधला उजेडाचा फरक मोजतो आणि जिथे तो झपाट्याने बदलतो त्या कडा लाल किंवा पिवळ्या रंगाने रंगवून दाखवतो. घाईच्या वेळी ती उपयोगी पडते, पण उघड्या ॲपर्चरवर ती जरा उदारपणे रंग देते. चेहऱ्याच्या फोटोत डोळ्याची पापणी हवी असेल तर मोठे करून पाहण्याला पर्याय नाही. जुन्या, वेगवान लेन्समध्ये गोलीय विपथन पुष्कळ असते, म्हणजे भिंगाच्या कडेतून आणि मध्यातून आलेले किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत. त्यामुळे पाती मिटल्यावर फोकसची जागा किंचित सरकते, आणि ज्या ॲपर्चरवर फोटो काढायचा त्याच ॲपर्चरवर फोकस करणे इष्ट ठरते.

फोकस न करताच फोटो काढण्याची एक जुनी रीत आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत तिच्यासारखी दुसरी नाही. इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत काळी आणि पिवळी मारबत, बडगे हे मोठाले पुतळे आणि त्यांच्याभोवतीची धक्काबुक्की यांच्यामध्ये रिंग फिरवत बसायला उसंत नसते. जुन्या लेन्सवर अंतराच्या आकड्यांखाली दोन्ही बाजूंना ॲपर्चरचे आकडे कोरलेले असतात, आणि कोणत्या अंतरापासून कोणत्या अंतरापर्यंत स्पष्ट येईल ते त्यावरून वाचता येते. २८ मिलिमीटरची लेन्स, एफ/८ आणि रिंग साधारण सव्वातीन मीटरवर ठेवली, तर हे आकडे सांगतात की सुमारे १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट येईल. हे विधान फिल्मच्या काळापुरते खरे होते. त्या खुणा काढताना फिल्मवरचा ०.०३ मिलिमीटर रुंदीचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटेल असे गृहीत धरले होते, कारण फोटो वहीच्या पानाएवढा छापून हाताच्या अंतरावरून पाहिला जाई. पूर्ण आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो ठिपका पाच पिक्सेल रुंद भरतो, आणि पडद्यावर मोठे करून पाहण्याची सवय लागलेल्या आपल्याला तो ठिपका धूसरच दिसतो. म्हणून या खुणा दोन स्टॉप, म्हणजे ॲपर्चरच्या दोन पायऱ्या, काटकसरीने वाचाव्यात. एफ/८ वर फोटो काढायचा असेल तर एफ/४ च्या खुणांवर विश्वास ठेवावा. मग रिंग साडेसहा मीटरवर जाते आणि सव्वातीन मीटरपासून पुढे खात्री मिळते. गल्लीतल्या मिरवणुकीला तेवढे पुरते.

जुन्या लेन्सच्या चाहत्यांमध्ये ज्या लेन्सचे नाव सर्वाधिक घेतले जाते ती हेलिओस-४४ ही मुळात झेनिटसोबत येणारी साधी लेन्स होती. तिचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर आणि ॲपर्चर एफ/२ आहे. झाइस कंपनीच्या बायोटार या जर्मन लेन्सच्या रचनेवरून ती घेतलेली आहे, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात व नंतर इतरत्रही ती प्रचंड संख्येने तयार झाली. तिच्या फोटोत माणसामागची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी गोल फिरताना दिसते. यात जादू काही नाही, किंबहुना हा दोषच आहे. मध्यभागी असलेल्या धूसर ठिपक्याचा आकार ॲपर्चरसारखा गोल असतो. कडेच्या ठिपक्याकडे जाणारे किरण तिरके येतात, आणि त्यांना पुढच्या भिंगाच्या कड्यातून व मागच्या भिंगाच्या कड्यातून असे दोन्हीकडून जावे लागते. एकावर एक ठेवलेल्या दोन बांगड्यांपैकी एक बाजूला सरकवली, तर दोघींच्या सामाईक जागेचा आकार डोळ्यासारखा लांबट होतो. हे लांबट ठिपके फोटोच्या मध्याभोवती रांगेने मांडले गेले की नजरेला फिरकी जाणवते. एफ/४ पर्यंत पाती मिटली की मधले छिद्र या दोन्ही कड्यांपेक्षा लहान होते, सर्व ठिपके गोल होतात आणि भोवरा नाहीसा होतो.

भोवऱ्यासाठी पार्श्वभूमीत पुष्कळ उजळ ठिपके लागतात, आणि या बाबतीत नागपूर भाग्यवान आहे. कडुनिंबाच्या बारीक पानांतून झिरपणारे सकाळचे ऊन यासाठी इतके अनुकूल आहे की सिव्हिल लाइन्सच्या कुठल्याही झाडांच्या रस्त्यावर ही परीक्षा घेता येते. माणूस दोन मीटरवर आणि झाडे दहा-पंधरा मीटर मागे असावीत. तरीही भोवरा दिसला नाही, तर सेन्सरचा आकार तपासावा. ही लेन्स ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीसाठी केलेली आहे. एपीएस-सी सेन्सर त्या चौकटीचा मधला, सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा भागच वापरतो, दृश्याची रुंदी ८७ मिलिमीटरच्या लेन्सएवढी अरुंद होते, आणि सगळी गंमत जिथे होती त्या कडाच कापल्या जातात. ज्यांना लेन्सचा स्वभाव नको, निव्वळ स्वच्छ प्रतिमा हवी, त्यांना मात्र हे कापणे फायद्याचे आहे, कारण जुन्या लेन्सचे बहुतेक दोष कडांनाच असतात. नळीमध्ये बहिर्गोल भिंगांचा संच बसवून प्रतिमा ०.७१ पट आकसून घेणारे ॲडॅप्टर २०१३ पासून मिळतात. त्यांच्यामुळे ५८ ची लेन्स ४१ मिलिमीटर एफ/१.४ सारखी वागते आणि लहान सेन्सरलाही कडांचा बराच भाग परत मिळतो. अंतर्गोल भिंगाच्या ॲडॅप्टरबद्दल वर जे म्हटले ते यांना लागू नाही, कारण प्रतिमा आकसताना दोषही आकसतात.

फिल्म आणि सेन्सर यांच्यातला आणखी एक फरक सहसा दुर्लक्षित राहतो. सेन्सरच्या पुढे त्याचे रक्षण करणारी आणि अवरक्त किरण अडवणारी काच असते. ती कित्येक कॅमेऱ्यांत सुमारे २ मिलिमीटर जाड आहे, मायक्रो फोर थर्ड्समध्ये ४ मिलिमीटरच्या आसपास आहे. फिल्मपुढे अशी काच नव्हती. काचेतून जाणारा किरण वाकतो आणि फोकसची जागा काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे जाते. सरळ येणाऱ्या किरणांपुरता हा हिशेब कारखान्यात जमवलेला असतो, पण फार तिरक्या किरणांसाठी तो जमत नाही, आणि कडा पसरट होतात. आरशाच्या कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्सना याचा त्रास कमी, कारण त्यांचे मागचे भिंग आरशामुळे लांब ठेवावे लागले होते आणि किरण बऱ्यापैकी सरळ येतात. त्रास होतो तो लायकासारख्या, आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सना, ज्यांचे मागचे भिंग फिल्मला जवळजवळ टेकलेले असे. रशियन ज्युपिटर-१२ या ३५ मिलिमीटर लेन्सचे मागचे भिंग इतके आत जाते की काही कॅमेऱ्यांच्या आतल्या भागांना ते लागू शकते. ती बसवण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी.

भिंगांवरचा लेप हा या लेन्सच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पाउल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये झाइससाठी प्लानार ही सहा भिंगांची, चार गटांत मांडलेली रचना केली. आजच्या बहुतेक ५० मिलिमीटर लेन्सचा आणि आपल्या हेलिओसचाही वंश तिच्याकडेच जातो. तिच्यात हवेला लागणारे आठ पृष्ठभाग आहेत. आठ वेळा ४ टक्के गमावले की फक्त ७२ टक्के प्रकाश आरपार जातो, आणि उरलेल्यातला बराचसा भिंगांमध्ये उसळत फिरून अखेर फोटोवर पसरतो. याच रुडॉल्फ यांची १९०२ मधली टेसार ही लेन्स सहाच पृष्ठभागांची होती, आणि गणिताने प्लानारपेक्षा साधी असूनही तिने बाजार काबीज केला. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव जाडीचा लेप देण्याची युक्ती काढली. लेपाच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात आणि परावर्तन दीड टक्क्याच्या घरात येते. मग आठ पृष्ठभागांतूनही ८८ टक्के प्रकाश जातो. प्लानारची रचना चार दशके मागे राहिली होती, ती या अदृश्य थराने पुढे आली. एकाहून अधिक थरांचे लेप १९७० च्या दशकात सर्वत्र आले. पेंटॅक्सने ते १९७१ मध्ये आपल्या लेन्सवर आणले. एकाच थराच्या जुन्या लेन्सला नागपूरचे ऊन सोसवत नाही, असे माझे मत आहे. तोंडावर ऊन अडवणारे खोल हूड लावल्याशिवाय ती बाहेर नेऊच नये.

पेंटॅक्सच्याच सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ या लेन्सची गोष्ट वेगळी आहे. तिच्या काही भिंगांत थोरियम ऑक्साइड मिसळलेले आहे, कारण त्याने काचेचा अपवर्तनांक वाढतो आणि रंगांचे अपस्करण मात्र फारसे वाढत नाही. थोरियम किरणोत्सारी आहे. लेन्स कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात धोका नगण्य आहे, पण ते भिंग फोडू नये, घासू नये, आणि डोळ्याशी धरायची दुर्बीण त्यापासून करू नये. त्या किरणांनी काचेतल्या अणुरचनेत इलेक्ट्रॉन अडकून बसतात, आणि काच वर्षानुवर्षे पिवळी, मग तपकिरी होत जाते. अतिनील प्रकाश या अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना मोकळे करतो आणि काच काही आठवड्यांत पुन्हा स्वच्छ होते. उन्हाचा तुटवडा नसलेल्या शहरात हा उपाय फुकटचा वाटेल, पण तो मे महिन्यात करू नये. लेन्सचा काळा धातू तापून आतले ग्रीस पातळ होते. डिसेंबर-जानेवारीचे कोवळे ऊन पुरेसे आहे. लेन्सच्या मागे ॲल्युमिनियमची पन्नी लावावी, म्हणजे प्रकाश दुसऱ्यांदा काचेतून जातो आणि एकवटून गादी किंवा पडदा पेटण्याची भीतीही राहत नाही.

बुरशी आणि ग्रीस हे नागपुरातल्या जुन्या लेन्सचे दोन खरे शत्रू आहेत. बुरशीला सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि अंधार मिळाला की ती लेपावर जाळे विणते, आणि तिच्यातून पाझरणारी आम्ले लेप कायमचा कुरतडतात. जाळे पुसता येते, पण त्याचा ठसा जात नाही. पावसाळ्यात तिची काळजी सगळेच घेतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात लेन्स सुरक्षित असायला हवी, पण घराघरात मार्चपासून वाळ्याचा कूलर सुरू होतो, आणि पाण्यातून ओढलेली ती हवा खोलीला ऐन उन्हाळ्यात पावसाळ्याइतकी दमट करते. कूलरच्या खोलीतल्या उघड्या कपाटात लेन्स ठेवणाऱ्याला बुरशीचे दोन हंगाम भोगावे लागतात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढी तजवीज पुरेशी आहे. ग्रीसचे संकट उष्णतेचे आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लेन्स राहिली की ग्रीसमधले तेल सुटते, पाझरत पात्यांवर येते, आणि पाती चिकटून मंदावतात. नंतर ते बाष्परूपाने भिंगांच्या आतल्या बाजूवर बसून धुरकट थर तयार करते.

म्हणून सीताबर्डीच्या दुकानात किंवा ओळखीतून जुनी लेन्स घेताना ती मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून मागून पाहावी. धूळ दिसली तरी चालते, जाळे किंवा दुधाळ थर चालत नाही. पाती मिटवून त्यांवर तेलाची चकाकी आहे का ते बघावे. फोकस रिंग एकसारख्या जडपणे फिरली पाहिजे, आणि कड्यावरच्या स्क्रूंवर ओरखडे असतील तर लेन्स आधी कोणीतरी उघडलेली आहे असे समजावे. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा मात्र फोटोत दिसतच नाही, त्यामुळे त्याच्या नावाने किंमत कमी करून घ्यावी.

शेवटी ताडोबा आणि पेंचचा विषय येतोच, कारण नागपुरात लांब लेन्सची चौकशी बहुधा त्यासाठीच होते. ३०० मिलिमीटर, एफ/४ वर, वीस मीटर अंतरावरच्या वाघावर फोकस केला, तर आजच्या सेन्सरच्या काटेकोर मापाने स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो. जिप्सीकडे चालत येणारा वाघ तो पट्टा अर्ध्या सेकंदाच्या आसपास ओलांडतो, आणि तेवढ्यात जड रिंग फिरवून पुन्हा डोळ्यावर फोकस आणणे सरावलेल्या हातालाही क्वचितच साधते. शिवाय त्या काळच्या स्वस्त टेलिफोटो लेन्समध्ये विशेष काच नसल्यामुळे उजळ कडांना जांभळी किनार येते. सफारीच्या दिवशी ऑटोफोकसची आधुनिक लेन्स भाड्याने घ्यावी.